सावड, वेठ आणि टोळी : पाथर्डी परिसरातील सामूहिक श्रमाचा ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

कामाच्या ठिकाणी माणसांमाणसांत स्नेह असावा, त्यांनी एकमेकांचा भार वाटून घ्यावा आणि त्यायोगे काम व कामकरी या दोहोंचे स्वास्थ्य राखले जावे, हा विचार उद्योगव्यवस्थापनाच्या शास्त्राने गेल्या शंभर वर्षांत हळूहळू स्वीकारला आहे. कार्यालये व कारखाने यांतून आज सहली, सामूहिक खेळ, सहभोजने, गायन-वादनाचे कार्यक्रम इत्यादींची योजना ‘टीम-बिल्डिंग’ या नावाखाली केली जाते. आपण त्यास संघबांधणी म्हणू. ही कल्पना पाश्चात्त्य उद्योगजगतातून आपल्याकडे आली, असा सर्वसाधारण समज आहे. नाव तिकडून आले हे खरेच. परंतु एकत्र काम, एकत्र गाणे आणि एकत्र जेवण ही जिची अंगे आहेत अशी व्यवस्था महाराष्ट्राच्या खेड्यांत पूर्वापार नांदत होती. तेव्हा तिचा विचार आपल्या भूमीवरून करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रस्तुत लेखात नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी तालुका हे विवेचनाचे क्षेत्र धरले आहे. त्यास कारण असे की, येथील कष्टकऱ्याने निरनिराळ्या तऱ्हेचे संघ स्वतःच्या अंगावर अनुभविले आहेत. गावच्या शिवारात तो सावडीत उभा राहिला. त्याच गावात काहींच्या वाट्यास वेठ आली. आणि गेल्या सत्तर वर्षांत दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास तो ऊसतोडीच्या टोळीत सामील होऊन परमुलखास जात आला आहे. तिन्ही ठिकाणी माणसे समूहानेच राबतात. मग तिन्ही ठिकाणी त्यांना सारखेच स्वास्थ्य का लाभत नाही, हा या लेखाचा प्रश्न होय.

२. सावड आणि इरजिक

पाथर्डी तालुका नगर जिल्ह्याच्या पूर्वेस, बीड जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. गर्भगिरीच्या डोंगररांगा, मढीचे कानिफनाथांचे स्थान, वृद्धेश्वराचे देवालय, मोहट्याची देवी आणि सीमेवरील भगवानगड ही येथील प्रसिद्ध स्थळे. प्रदेश पर्जन्यछायेतील, जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी, आणि पीक मुख्यत्वे बाजरी व ज्वारी. अशा मुलखात ज्याच्या दावणीला एकच बैल आहे, त्याने औत धरावे कसे, हा प्रश्न दर पावसाळ्यात उभा राहतो. वापसा चार दिवस टिकतो; तेवढ्यात पेरणी उरकली नाही तर साल वाया जाते. या अडचणीतून ‘सावड’ जन्मास आली. दोघा शेतकऱ्यांनी आपापला एकेक बैल जुंपून एक औत उभे करावयाचे, आणि आज तुझ्या रानात तर उद्या माझ्या, अशा पाळीने काम उरकावयाचे. यालाच काही भागांत ‘वारंगुळा’ म्हणतात. सावड बैलांची असते तशी माणसांचीही असते. खुरपणी, कापणी, मळणी ही कामे घरे एकमेकांकडे जाऊन करीत.

‘इरजिक’ हा याच वृत्तीचा विस्तार. एखाद्या शेतकऱ्याचे काम मागे पडले, घरी आजारपण आले, किंवा रान इतके मोठे की एकट्याच्या औताने आवरणार नाही, अशा वेळी तो शेजाऱ्यापाजाऱ्यांस बोलावतो. दहा-वीस औते एका दिवशी एका रानात उतरतात आणि सूर्य मावळण्यापूर्वी काम फत्ते होते. त्याबद्दल पैसा दिला-घेतला जात नाही; यजमानाने सर्वांस पोटभर व आवडीचे जेवण घालावे, एवढाच संकेत. सह्याद्रीच्या कुशीतील जुन्नर-आंबेगाव भागात आदिवासी शेतकरी भातखाचरे बांधण्यासाठी जी ‘पडकई’ करतात, ती याच कुळातील होय.

या श्रमाला गाण्याची जोड असे. कापणीच्या वेळी माणसे ओळीने उभी राहून प्रत्येकजण एकेक पात धरतो. एकाने भलरी सांगावयाची, इतरांनी ती झेलावयाची, आणि त्या तालावर विळे चालावयाचे. भलरीचे कार्य केवळ मनोरंजनाचे नव्हते. ताल सर्वांस एक असल्यामुळे चपळ गड्यास फार पुढे धावता येत नाही आणि वयस्क किंवा नवशिक्या गड्याची पात फार मागे पडत नाही. कामाची गती समूह स्वतः ठरवितो, आणि ती अशी ठरवितो की, त्यातील दुबळ्यासही ती झेपावी. श्रमाचा शीण हलका होण्याचे रहस्य सुरापेक्षाही या गोष्टीत अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

सावडीची तीन लक्षणे येथे नोंदवून ठेवू. पहिले असे की, यात पाळी आहे. आज जो घेतो तो उद्या देतो, त्यामुळे कोणी कायमचा धनी आणि कोणी कायमचा गडी होत नाही. दुसरे, सोबती निवडण्याची मुभा आहे. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याशी पुढच्या साली सावड मोडता येते. तिसरे, हिशेब कागदावर नसून शेजाराच्या स्मरणात असतो. म्हणून त्यावर व्याज चढत नाही.

३. वेठ : त्याच गावाची दुसरी बाजू

तथापि ग्रामजीवनाचे हे चित्र येथेच थांबविले तर ते अपुरे, किंबहुना दिशाभूल करणारे ठरेल. सावडीत येण्यास निदान एक बैल किंवा थोडे रान हाताशी असावे लागे. ज्याच्यापाशी दोन्ही नव्हते त्याला परतफेडीचे साधनच नव्हते. तो या वर्तुळाच्या बाहेर राही. इरजिकीचे जेवण रांधणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाची पाळी कोणी मोजली नाही. आणि ज्या गावात सावड होती त्याच गावात वेठही होती.

महार वतनाखाली गावकी व सरकारी कामे करण्याचे बंधन साऱ्या समाजावर होते. बोलावणे आले की जावयाचे, काम किती, वेळ किती, याला धरबंद नव्हता, मोबदला नाममात्र. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडून या प्रश्नास तोंड फोडले. प्रत्यक्ष वतने नष्ट होण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. वेठीतही माणसे एकत्र राबत, एकमेकांस सांभाळून घेत, प्रसंगी गातही. परंतु तेथे पाळी नव्हती, निवड नव्हती आणि निघून जाण्याची वाट नव्हती. सावड व वेठ यांतील भेद समूहभावनेच्या कमी-अधिकपणात शोधू गेल्यास तो सापडणार नाही. समूह कोणी जमविला आणि तो कोणास मोडता येतो, येथे तो सापडतो.

४. कालवे, साखर आणि स्थलांतर

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नगर जिल्ह्याचे दोन भाग पडले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांनी उत्तरेकडील तालुक्यांत ऊस आणला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने लोणीजवळ उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. शेतकऱ्यांनी आपल्या भांडवलाने व आपल्या मालकीचा कारखाना चालवावा, ही कल्पना सावडीच्याच जातीची होती. परंतु कारखान्याचे सभासदत्व ऊस पिकविणाऱ्यास होते. ऊस तोडणाऱ्यास नव्हते. दक्षिण व पूर्वेकडील पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांच्या वाट्यास कालवे आले नाहीत; तेथून उत्तरेस गेली ती माणसे आणि बैलगाड्या. पुढे पाथर्डी तालुक्यातही आदिनाथनगर येथे वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तरी कोयता घेऊन बाहेर जाणाऱ्यांचा ओघ थांबला नाही.

१९७२ च्या दुष्काळाने या ओघास बळ दिले. त्याच काळात रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने साकार झाली आणि १९७७ च्या अधिनियमाने तिला कायद्याचे रूप आले. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे या कामांवरही माणसे टोळीने राबत व मोजमाप टोळीचे होई. पण ती कामे गावाच्या आसपास होती. साखरेचा पट्टा मात्र नगरच्या उत्तर भागापासून पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकच्या सीमाभागापर्यंत पसरला, आणि पाथर्डीसह शेजारच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांची गावे सहा-सहा महिने ओस पडू लागली. घरी राहिले ते म्हातारे आणि काही लेकरे.

५. टोळीचे अंतरंग

ऊसतोडीत मोजणीचे परिमाण ‘कोयता’ हे आहे. एक कोयता म्हणजे पतिपत्नीची जोडी; एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. नवरा बुडख्याशी ऊस तोडतो, बायको पाचट काढून मोळ्या बांधते व डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. असे दहा-वीस कोयते मिळून एक टोळी होते. टोळीतील माणसे बहुधा एका गावची, एका भावकीची किंवा सोयरीकीतील असतात. ही निवड योगायोगाने होत नाही. परमुलखात पाचटाच्या कोपीत राहावयाचे, रात्री-अपरात्री ट्रक भरावयाचा, एकीचे बाळंतपण आले तर दुसरीने पाहावयाचे, एकाच्या बैलाचा पाय मोडला तर इतरांनी त्याची खेप ओढावयाची, हे परक्यांच्या मेळाव्यात शक्य होत नाही. वाहन भरण्याचे काम, ज्यास भरणी म्हणतात, ते सर्व टोळीने मिळून करावे लागते. वाढे विकून आलेल्या चार पैशांतून किराणा येतो. सावडीचे सारे संस्कार येथे जिवंत आहेत. या जिव्हाळ्यावाचून हा हंगाम माणसाला पुरा करता आला नसता.

परंतु टोळी उभी कशी राहते ते पाहिले म्हणजे चित्र पालटते. हंगामापूर्वी मुकादम प्रत्येक कोयत्यास ‘उचल’ देतो. ही रक्कम लग्नकार्य, औषधपाणी, घरखर्च यांत पावसाळ्यातच खर्ची पडलेली असते. ती फिटेपर्यंत टोळी सोडता येत नाही. हंगामाअखेर हिशेब होतो. तोडलेल्या टनांची मजुरी उचलीपेक्षा कमी भरली तर बाकी पुढील सालावर जाते आणि पुढील सालचे येणेही त्याच वेळी ठरून जाते. कामावर न येण्याचा दिवस ‘खाडा’ म्हणून मांडला जातो व त्याची रक्कम कापली जाते. जोडीतील एक आजारी पडला म्हणजे कोयता मोडतो, म्हणून खाडा दोघांचा. कारखाना आणि तोडकरी यांच्या मध्ये तोडणी-वाहतुकीची यंत्रणा, वाहनमालक आणि मुकादम अशा पायऱ्या असल्यामुळे हा मजूर नेमका कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणीच पुढे येत नाही.

येथे सामूहिकतेचे एक विपरीत कार्य दृष्टीस पडते. टोळी भावकीची असल्यामुळे एखादा कोयता पळून गेला तर त्याची बाकी मागण्यास त्याचे नातलगच हाताशी असतात. ज्या नात्याने माणूस आजारपणात सावरला जातो, त्याच नात्याने तो कर्जाला बांधलाही जातो. टोळीत सावडीचा जिव्हाळा आहे आणि वेठीची दावणही आहे. या दोहोंची गाठ उचलीने मारली आहे.

या व्यवस्थेची किंमत सर्वांत अधिक स्त्रियांनी मोजली. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेल्याचे आढळले. या शस्त्रक्रियांची कारणे एकाहून अधिक आहेत. परंतु दुखणे अंगावर काढावे लागणे, फडावर पाण्याची व आडोशाची सोय नसणे आणि खाड्याचे भय, ही त्यांतील ठळक होत. सोबतीणीची माया येथे होतीच. ती विश्रांतीचा एक दिवसही मिळवून देऊ शकली नाही.

६. गिरणी आणि प्रयोगशाळा

या अनुभवाची तुलना इतरत्रच्या इतिहासाशी करून पाहणे उद्बोधक होईल. मुंबईच्या गिरणगावातही कोकण-घाटावरून आलेली माणसे गाववार गाळ्यांत राहिली. भजनी मंडळे, तालमी, खानावळी, गणेशोत्सव यांनी त्यांचे एकाकीपण दूर केले. तेथेही मुकादम होता, त्यास जॉबर म्हणत; कामावर लावणे व काढणे त्याच्या हाती असल्यामुळे जुलूम व लाचलुचपत बोकाळली होती आणि १९३१ साली व्हिटले आयोगाच्या अहवालाने त्यावर कडक टीका केली. परंतु गिरणगावाच्या इतिहासात आणखी एक धारा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळविली. कामगारास सहा दिवसांनी एक दिवस मोकळा मिळाला, तो संघटित मागणीमुळे. मुंबई सरकारने १९३९ पासून कामगार कल्याण केंद्रे उघडली. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण निधी व मंडळ स्थापन झाले. कामगार नाट्यस्पर्धांनी रंगभूमीस नट दिले. हे सर्व स्पृहणीय होते, आणि ज्यास ठरावीक तास व साप्ताहिक सुटी आहे त्यासच त्याचा उपभोग घेता येत होता. उसाच्या फडापर्यंत ते पोहोचले नाही.

पाश्चात्त्य संशोधनाचा दाखलाही याच दिशेचा आहे. शिकागोजवळील हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेले प्रयोग संघबांधणीच्या शास्त्राचे मूळ मानले जातात. टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच स्त्रियांचा लहान गट वेगळ्या खोलीत बसविला तेव्हा उत्पादन वाढले. एल्टन मेयो आदींनी त्याचे श्रेय गटातील स्नेहभावास आणि वरिष्ठांच्या आस्थेस दिले. पुढील अभ्यासकांनी दोन गोष्टींकडे लक्ष वेधले. त्या गटाचा मेहनताना लहान गटाच्या उत्पादनाशी जोडण्यात आला होता. आणि सहकार्य करीत नाहीत म्हणून मूळच्या दोघी १९२८ च्या जानेवारीत बदलण्यात आल्या होत्या. स्नेह होता, पण गटात कोण राहील हे गट ठरवीत नव्हता.

याच्या उलट, ट्रिस्ट व बॅमफोर्थ यांनी १९५१ साली ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींविषयी जे लिहिले त्यात जुन्या खाणकामगारांचे लहान गट आपले सोबती स्वतः निवडत व मजुरी एकत्र घेत, असे दाखविले आहे. यांत्रिक पद्धतीने हे गट मोडले तेव्हा गैरहजेरी व मानसिक ताण वाढला. या विचारसरणीचे ए. के. राइस यांनी १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत विणकरांचे स्वयंशासित गट उभारण्यास साहाय्य केले. कल्पना मांडली जाताच कामगारांनीच आपसांत गट जुळविले, हे त्यातील विशेष. उत्पादन वाढले, माल खराब होण्याचे प्रमाण घटले. १९७० साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा ही पद्धत काही ठिकाणी टिकलेली तर काही ठिकाणी जुन्या वळणावर गेलेली आढळली. सोबती निवडणे व गती ठरविणे हा अधिकार जेथे गटाकडे आला तेथे लाभ दिसला. तो कायम राखण्यास सदिच्छा पुरेशी नव्हती.

७. संप : टोळीने स्वतःसाठी केलेला संघ

पाथर्डीच्या इतिहासात टोळी स्वतःच्या हितासाठी उभी राहण्याचा प्रसंग एकच, आणि तो म्हणजे संप. हंगामाच्या तोंडावर, कोयता हाती घेण्यापूर्वी, दर वाढवून मागता येतो. एकदा टोळी फडावर गेली की ती संधी संपते. पाथर्डीचे बबनराव ढाकणे (१९३७–२०२३) आणि बीडचे गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) यांच्या सार्वजनिक जीवनात ऊसतोड कामगारांच्या संघटनेस मोठे स्थान होते. जी भावकी उचलीस तारण होती तीच संपात एकजुटीचा आधार झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. साखर संघ व संघटना यांच्यातील वाटाघाटींतून दरांचे करार होत आले; जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. ऊसतोड कामगारांसाठी स्वतंत्र कल्याण महामंडळ २०१९ साली स्थापन झाले, आणि २०२१ मध्ये त्यांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर झाली. या उपायांचे मूल्यमापन हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. परंतु उचलीची गाठ त्यांपैकी कशानेही सुटलेली नाही, एवढे म्हणता येईल.

८. उपसंहार

वरील विवेचनाचा अर्थ संघबांधणीचे उपक्रम निरर्थक आहेत असा नव्हे. भलरीने शीण हलका होत होता, कोपीतील शेजारणीने बाळंतिणीस जगविले, आणि गिरणगावच्या भजनाने परगावच्या माणसास आपलेपण दिले. परंतु समूहभावना हे एक बळ आहे, आणि बळाचा उपयोग त्यास कोण जुंपतो यावर ठरतो. सावडीत ते माणसाच्या कामी आले. वेठीत व उचलीत त्याच बळाने माणूस जखडला गेला.

म्हणून कामाच्या ठिकाणच्या कोणत्याही संघाचे परीक्षण करताना अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. गटातील सर्वांस घेण्याची व देण्याची पाळी येते काय? सोबती निवडण्याचा व गट सोडण्याचा अधिकार आहे काय? आणि कामाची गती ठरविताना सर्वांत दुबळ्या माणसाचा विचार होतो काय? बाजरीच्या रानात पात धरणाऱ्या गड्यांनी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या परीने दिली होती. त्यांचीच नातवंडे आजही दसऱ्यानंतर ट्रकमध्ये संसार भरून पाथर्डीहून निघतात. त्यांच्या टोळ्यांत स्नेहाची वाण नाही. त्यांना वाण आहे ती खाड्याविना मिळणाऱ्या एका दिवसाच्या विश्रांतीची आणि कोऱ्या हिशेबाने घरी परतण्याची; आणि ती भरून काढणे हेच तेथील संघबांधणीचे पहिले काम ठरेल.